लॅपटॉप द्या, पण आधी डिस्क खरंच रिकामी करा

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहेत.)

 

आजचा विषय जुना लॅपटॉप. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट बंद केला, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मेसेजांमध्ये एक प्रश्न फार वाढलाय. लॅपटॉप चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही. नवीन आणलाय. जुना मामेबहिणीला द्यायचाय, घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलाला द्यायचाय, गावच्या शाळेला द्यायचाय. आणि मग शेवटी: "ताई, फॉरमॅट मारलाय. पुरे ना?"

नाही, पुरे नाही. पण थांबा, घाबरू नका. कारण या बाबतीत मला दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक, फॉरमॅट मारून निवांत झालेली. दुसरी, कुठेतरी एखादा व्हिडिओ बघून इतकी धास्तावलेली, की लॅपटॉप कुणाला देतच नाहीत. तो माळ्यावर जातो, जुन्या आकाशकंदिलाच्या शेजारी, आणि चार वर्षांनी बॅटरी फुगून खरोखरच भंगार होतो. मला या दुसऱ्या प्रकाराचं जास्त वाईट वाटतं. कारण बारावीतली एखादी मुलगी त्यावर कोडिंग शिकली असती, टायपिंग शिकली असती. नीट पुसता येत नाही म्हणून यंत्र वाया जातं. म्हणून हा भाग.

आधी समजून घेऊ की डिलीट केल्यावर नेमकं होतं काय. इथे मला सातबाराच आठवतो. समजा तलाठ्याच्या दप्तरात तुमच्या शेताची नोंद आहे. तुम्ही फाइल डिलीट करता, रिसायकल बिनही रिकामा करता, म्हणजे काय होतं? सातबाऱ्यावरचं नाव खोडलं जातं आणि शेरा पडतो: ही जमीन मोकळी, कुणाला हवी तर घ्या. पण शेतात ऊस उभाच आहे! जोपर्यंत दुसरं कुणी येऊन त्या जागेवर नवीन पीक लावत नाही, तोपर्यंत तो तसाच उभा राहणार. आणि फॉरमॅट, म्हणजे आपण नेहमी करतो तो क्विक फॉरमॅट? त्यात अख्ख्या गावाचं दप्तरच नवीन कोरं आणून ठेवलं. शेतं जिथल्या तिथे.

आता एखादा माणूस दप्तर बघतच नाही, सरळ बांधाबांधाने चालत जातो आणि पीक बघून ओळखतो, हा ऊस, ही ज्वारी. त्याला सातबाऱ्याची गरज काय? फोटोरेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते नेमकं हेच करतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपेग फोटोची वेगळी, पीडीएफची वेगळी. ते डिस्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातं, सुरुवात ओळखतं, पुढचं उचलतं. फाइलची नावं जातात, पण आतला मजकूर मिळतो.

एका मित्राचा भाऊ माझ्याकडे असाच फॉरमॅट केलेला लॅपटॉप घेऊन आला होता. हार्ड डिस्कवाला, सहा-सात वर्षं जुना. एका संस्थेला द्यायचा होता. मी म्हटलं, तुझी हरकत नसेल तर तुझ्यासमोरच बघू. फोटोरेक चालू केलं आणि आम्ही चहा घेतला. चहा होईपर्यंत फोल्डर भरायला लागला होता. गोव्याच्या ट्रिपचे फोटो आले तेव्हा तो हसला. मग वडिलांचा फॉर्म १६ आला. आईच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. आणि मग बहिणीचा लग्नासाठी केलेला बायोडेटा. फोटो, जन्मवेळ, घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर, पगार. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "हे माझं नाहीच ना."

मला तेच सांगायचंय. आपल्याकडे लॅपटॉप एकाचा क्वचित असतो. तो घराचा असतो. आणि तुम्ही जे ऐकताय, तुमच्यापैकी बरेच जण घरचे आयटी डिपार्टमेंट असणार. काकांचं पॅन लिंक करून द्या, आजोबांचा हयातीचा दाखला भरा, सोसायटीच्या मीटिंगची यादी टाइप करा, कुणाचं आधार स्कॅन करा. सगळं त्याच डाउनलोड्समध्ये साठत जातं. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" असं तुम्ही खुशाल म्हणा, पण ते फक्त तुमच्यापुरतं. ताईच्या फोटोंबद्दल तुम्ही कसं म्हणणार?

आणि ज्याला आपण देतो त्याच्यावर संशय घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. मामेबहीण तुमच्या फायली उकरायला बसणार नाही. पण लॅपटॉप तिच्याकडे थांबत नाही. सहा महिन्यांनी डिस्क खराब होते, ती दुकानात टाकते, दुकानदार नवीन बसवतो आणि जुनी खोक्यात ठेवतो. ते खोकं कुणीतरी वजनावर उचलतो. लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही शहरातल्या अशा गल्लीत जा, जुन्या डिस्क विकायला असतात. ती कुठे जाईल हे तिलाही ठाऊक नसतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी जुन्या बाजारातून, बहुतेक इ-बेवरून, १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालत होत्या. नीट पुसलेल्या किती निघाल्या असतील? १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून जास्त नंबर होते, लोकांची आजारपणं होती, खासगी पत्रं होती. २००३ साली त्यांनी हे छापलं. आणि बऱ्याच डिस्क फॉरमॅट केलेल्या होत्या बरं का. म्हणजे मालकाला वाटत होतं की आपण काळजी घेतली.

मोठ्या लोकांना तरी जमतं का? मॉर्गन स्टॅन्लीचं ऐका. जगातल्या बड्या वित्तसंस्थांपैकी एक. त्यांनी जुन्या डिस्क आणि सर्व्हर निकाली काढायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं, जिला डेटा पुसण्याचा काही अनुभव नव्हता. त्यातली काही यंत्रं पुढे इंटरनेटवर लिलावात विकली गेली, आत ग्राहकांची माहिती तशीच. सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता.

बरं. मग पुसायचं कसं? इथे आधी एक गोष्ट बघा: तुमच्या लॅपटॉपमध्ये फिरणारी जुनी हार्ड डिस्क आहे की एसएसडी? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, डिस्कवर क्लिक करा, तिथे लिहिलेलं असतं. हे का बघायचं, तर दोघांचा स्वभाव फार वेगळा आहे.

जुनी हार्ड डिस्क बिचारी सरळ असते. तिला सांगितलं इथे शून्य लिही, ती तिथेच शून्य लिहिते. म्हणून उपायही सरळ: पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून काढायची. ऊस कापून शेत नांगरून टाकायचं. एकदा. तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की ३५ वेळा लिहावं लागतं. त्याची गंमत सांगते. पीटर गटमन नावाच्या संशोधकाने १९९६ साली एक निबंध लिहिला, त्यात ३५ वेळांची पद्धत होती. पण ती त्या काळच्या आणि त्याआधीच्या वेगवेगळ्या प्रकारच्या सगळ्या डिस्कसाठी मिळून होती. कुठल्याही एका डिस्कला ते सगळे ३५ फेरे लागूच नव्हते. पुढे गटमननेच लिहिलं की लोक याला तोडग्याच्या मंत्रासारखं वापरायला लागलेत. तरी सॉफ्टवेअरांमध्ये तो पर्याय अजून असतो. हिशोब करा: १ टीबीची लॅपटॉपमधली डिस्क एकदा भरायला साधारण तीन तास. ३५ वेळा म्हणजे शंभर तासांच्या वर, चार दिवस अखंड! विजेचं बिल वाढेल, दुसरं काही नाही. आजच्या डिस्कला एक फेरा पुरतो.

तो फेरा मारायचा कसा? विंडोजमध्येच राहायचं असेल तर ज्या ड्राइव्हवर विंडोज नाही, त्याला फॉरमॅट करताना 'क्विक' समोरची टिचकी काढा. विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट खरोखर शून्यं लिहितो. अख्खी डिस्क पुसायची असेल तर पेनड्राइव्हवर श्रेडओएस टाकून त्यावरून लॅपटॉप चालू करा. त्यात एनवाइप नावाचं साधन असतं. डिस्क निवडायची, एक फेरा निवडायचा, रात्री लावून झोपायचं. फक्त डिस्क निवडताना दोनदा बघा, शेजारी बॅकअपची डिस्क जोडलेली ठेवू नका.

आता एसएसडी. ही सरळ नसते. म्हणजे वाईट हेतूने नाही, तिची मजबुरी आहे. तिच्यातल्या प्रत्येक जागेवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, मग ती झिजते. म्हणून आत एक छोटा कारभारी बसवलेला असतो, जो लिखाण सगळीकडे सारखं वाटतो. तुम्ही म्हणता गट नंबर १२वर शून्य लिही. तो लिहितो ४७वर, आणि कागदावर ४७लाच १२ म्हणतो. जुना १२ तसाच, वेळ मिळेल तेव्हा साफ करू म्हणून बाजूला. शिवाय थोडी जागा त्याने राखीव ठेवलेली असते जी तुमच्या नकाशात नाहीच. म्हणजे तुम्ही वरून कितीही नांगर फिरवा, तो भलत्याच शेतात फिरत असतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०११ साली हे तपासलं. त्यांनी एसएसडीमधल्या चिप्स थेट वाचल्या. हार्ड डिस्कसाठी बनवलेली 'एक फाइल कायमची पुसा' छापाची जी साधनं होती, ती एसएसडीवर सगळी नापास झाली. एसएसडीला स्वतःला पुसून घ्यायची एक आतली आज्ञा असते, तीही तपासली. एका ड्राइव्हने तर "झालं, पुसलं" असा निरोप दिला आणि आत डेटा जसाच्या तसा होता! तेव्हाची गोष्ट आहे, आता परिस्थिती पुष्कळ सुधारलीय. आता डिलीट केल्यावर ट्रिम नावाची सूचना एसएसडीला जाते, आणि बऱ्याचदा फोटोरेकसारख्याला काही मिळत नाही. बऱ्याचदा. दुसऱ्याच्या बायोडेटाबद्दल मला 'बऱ्याचदा' चालत नाही.

मग एसएसडीवर करायचं काय? पुसायच्या आधी कुलूप लावायचं. म्हणजे एन्क्रिप्शन. डिस्कवरची प्रत्येक गोष्ट किल्लीशिवाय अर्थहीन करून टाकायची, आणि देताना ती किल्ली नष्ट करायची. कारभाऱ्याने कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलंय हे शोधत बसायची गरजच नाही.

तुमच्या हातातला फोन हेच करतो, आणि म्हणूनच फोन देणं लॅपटॉप देण्यापेक्षा सोपं आहे. अँड्रॉइड १० किंवा पुढचं घेऊन आलेला फोन आतून एन्क्रिप्ट केलेलाच असतो. फॅक्टरी रीसेट केलं की किल्ली जाते. फक्त रीसेटच्या आधी गूगल अकाउंट काढा, नाहीतर घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड विचारत बसेल. आणि मेमरी कार्ड बाहेर काढा! ते रीसेटमध्ये पुसलं जाईलच असं नाही. ट्रेमध्ये विसरलेलं कार्ड ही फार नेहमीची गोष्ट आहे.

विंडोज लॅपटॉपला हे तुम्हाला करावं लागतं. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा, प्रो आवृत्ती असेल तर बिटलॉकर. बिटलॉकर विचारेल, वापरलेलीच जागा की अख्खी ड्राइव्ह? अख्खी. 'वापरलेली' निवडलंत तर आधी डिलीट केलेल्या फायली तशाच उघड्या राहतील, आणि आपल्याला त्यांचीच तर काळजी आहे. चार्जर लावून ठेवा, वेळ लागतो. ते पूर्ण झालं की सेटिंग्जमध्ये रिकव्हरी शोधा, त्यात रीसेट. तिथे 'सगळं काढा' निवडा. आणि लगेच 'नेक्स्ट' दाबू नका! 'सेटिंग्ज बदला' असं बारीक अक्षरात असतं, त्यात जा. तिथे 'डेटा साफ करा' चालू करा.

आणि तिथेच आपल्याकडचा खास सापळा आहे: डी ड्राइव्ह. आपल्याकडे दुकानदार लॅपटॉप देतानाच सी आणि डी असे भाग पाडून देतो, आणि "महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा" असंही सांगतो. आपणही इमानेइतबारे लग्नाचे अल्बम डीमध्ये ठेवतो. रीसेट मात्र मुळात विंडोज असलेली ड्राइव्हच साफ करतं. सगळ्या ड्राइव्हमधल्या फायली काढा, असा वेगळा पर्याय त्याच बारीक पानावर असतो. तो चालू केला नाही तर सी चकाचक आणि डीमध्ये अख्खं घर! कुलूप लावतानाही डी विसरू नका.

मायक्रोसॉफ्ट स्वतःच लिहितं, की रीसेटमधली ही सफाई घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा उद्योगांच्या निकषांची नाही. आधी कुलूप आणि मग सफाई असं दोन्ही केलंत तर मामेबहिणीला द्यायला एवढं मला पुरेसं वाटतं. ज्या लॅपटॉपवर तुम्ही सीएच्या ऑफिसचं किंवा दवाखान्याचं काम केलंय, तिथे मी आणखी एक पायरी चढेन: एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर, जसं सॅमसंगचं मॅजिशियन, किंवा काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच असलेला सिक्युअर इरेज. तो कारभाऱ्यालाच हुकूम देतो, राखीव जागेसकट.

मॅकवाल्यांचं काम हलकं आहे. अ‍ॅपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप असेल आणि मॅकओएस मॉन्टेरे किंवा पुढचं असेल, तर फोनसारखंच 'सगळा मजकूर आणि सेटिंग्ज पुसा' आहे. जुना इंटेल मॅक असेल तर आधी फाइलव्हॉल्ट चालू करा, मग पुसा.

या सगळ्याच्या आधी बॅकअप, हे सांगायला नको. पण एक सांगते. घाईघाईत लोक वनड्राइव्हचा फोल्डर उघडतात आणि लॅपटॉप द्यायचाय म्हणून त्यातल्या फायली हाताने डिलीट करत सुटतात. अकाउंट अजून चालूच असतं. मग त्या क्लाउडवरूनही जातात आणि नवीन लॅपटॉपवरूनही. आधी साइन आउट करा, किंवा सरळ रीसेट करा. हाताने एकेक फाइल डिलीट करण्यात तसाही काही अर्थ नाही. आणि बॅकअप घेतला म्हणजे कॉपी केला असं नाही, दुसऱ्या यंत्रावर जोडून चार फायली उघडून बघायच्या. ब्रिटनमध्ये न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३मध्ये कचऱ्यात गेली, तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो कोर्टापर्यंत गेला, जानेवारी २०२५मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर? डिस्क बहुतेक वेळा ठीक असते. स्क्रू काढून बाहेर घ्या, चार-पाचशे रुपयांच्या आसपास यूएसबी केसिंग मिळतं, त्यात घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि पुसा. डिस्कच मेली असेल तर मात्र ती देऊ नका, लॅपटॉप डिस्कविना द्या. कुणीतरी नवीन २५६ जीबी टाकून घेईल आणि तो आधीपेक्षा जोरात चालेल. मेलेली डिस्क फोडायची असेल तर जपून. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, हातोडा बसला की बारीक तुकडे उडतात. जाड कापडात गुंडाळा, डोळ्यांवर गॉगल. एसएसडी असेल तर भोक चिपमध्येच पडायला हवं, नुसत्या हिरव्या पट्टीला पाडून काही होत नाही. आणि लोहचुंबक फिरवणाऱ्यांनो, एसएसडीमध्ये चुंबकीय असं काही नसतंच. जाळू तर अजिबात नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर अधिकृत इ-कचरा केंद्रांची यादी आहे, उरलेले तुकडे तिथे द्या.

आता, आधीच कुलूप न लावता वर्षानुवर्षं वापरलेल्या एसएसडीवर शेवटच्या दिवशी कुलूप लावलं, तर राखीव कोपऱ्यात जुनं काहीतरी उघडं राहू शकतं. ते काढायला चिप उखडून वाचणारा माणूस लागतो, तुमच्या-माझ्या लॅपटॉपसाठी तो येणार नाही. पण जो नवीन लॅपटॉप तुम्ही आत्ता घेतलाय, त्याच्यावर आजच एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. पहिल्या दिवसापासून असेल तर चार वर्षांनी तो देताना काम दहा मिनिटांचं. फक्त त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. ती हरवली आणि लॅपटॉपने मागितली, तर तुमच्याच फायली तुम्हाला मिळणार नाहीत.

आणि द्यायच्या आदल्या रात्री बायोसचा पासवर्ड टाकलेला असेल तर काढा, लॅपटॉप एकदा चालू करून "नमस्कार, भाषा निवडा" असं पान येतंय का बघा, आणि चार्जर सोबत द्या. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट टाकून द्या, जुन्या यंत्रावर छान चालतं, आणि ते कसं टाकायचं ते पुढच्या भागात करू.